आवळणारा हात

गेणबाकाकांना मी वर्षभर दुखण्यावरच्या गोळ्या विकल्या, आणि त्याचा मला अजून राग येतो. नेऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून त्यांचं पंपदुरुस्तीचं. दर आठ दिवसांनी ते यायचे, काउंटरवर उजवं कोपर टेकवायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, त्याच दे." मी आधी डॉक्टरची चिठ्ठी मागायचे, मग कुरकुरायचे आणि शेवटी द्यायचे. मी या गावची सून, ते माझ्या सासऱ्यांच्या बरोबरीचे. नाही म्हणायला जीभच रेटायची नाही.

खरं तर काकांना काम करायची गरज उरलेली नव्हती. शेताच्या तुकड्यावर खोल्या बांधल्या होत्या, हिंजवडीत कामाला जाणारी पोरं त्यात भाड्यानं राहत होती. पण सत्तावन्नाव्या वर्षीही काका रोज नऊला शटर वर करायचे, कारण पंचक्रोशीत त्यांच्या नावाची एक ख्याती होती. गेणबानं आवळलेला जोड गळत नाही, असं लोक म्हणायचे. त्यांची पद्धत वेगळी होती. बाकीचे मिस्त्री नळाच्या जोडावर पहिल्यापासून पान्यानं जोर काढतात. काका आधी नुसत्या हातानं जोड बसेल तेवढा बसवायचे, अगदी शेवटच्या आट्यापर्यंत, आणि पाना फक्त पाव फेरा फिरवायचे. पान्याला आटे कळत नाहीत, हाताला कळतात, असं त्यांचं म्हणणं.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. माझ्या दुकानाच्या मागच्या बाजूला हात धुवायचं बेसिन आहे. त्याच्या खालचा जोड काकांनीच बदलून दिला होता. तिसऱ्या दिवशी तो ठिबकायला लागला. मी त्याखाली एक निळी बादली ठेवली आणि मागचं दार ओढून घेतलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाचा जोड गळत होता, आणि ते त्यांना माझ्या तोंडून कळावं असं मला वाटेना.

दुखणं कुठे आहे ते काका बोटानं दाखवायचे, खांद्याच्या बरोबर पुढे. मी एकदा विचारलं होतं, नक्की कशानं दुखतं. "आवळताना सुई टोचल्यागत व्हतंय," ते म्हणाले. उघडताना? "उघडताना काय बी न्हाई." मी हे ऐकलं, गोळ्यांच्या पट्टीवर कात्री चालवली आणि विसरून गेले. माझ्याकडे औषधशास्त्राची पदविका आहे, ती भिंतीवर फ्रेममध्ये लावलेली आहे.

शेवटी रत्नाकाकू, म्हणजे काकांची बायको, एके दिवशी पदर खोचून दुकानात आल्या. काकांच्या हातून सदऱ्याचं बटण लागत नव्हतं आणि त्यांच्या मते दोष माझ्या गोळ्यांचा होता. मी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी काकांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. फोटो झाले, व्यायाम झाले, एक इंजेक्शन झालं. चार महिने गेले तरी सुई टोचायची थांबली नाही. मग डॉक्टरांनी टेबलावर प्लॅस्टिकचा खांदा ठेवला आणि ऑपरेशनचं बोलायला सुरुवात केली.

डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगायची हौस होती त्यांना. दंडाच्या बेटकुळीला वरून दोन दोऱ्या असतात. त्यातली लांब दोरी हाडाच्या खाचेतून वर चढून खांद्याच्या सांध्यात जाऊन बसते. काकांची ती दोरी खाचेत घासून घासून पिंजली होती. काका पुढे वाकले आणि म्हणाले, म्हणजे पट्टा पुलीवर घासलाय. डॉक्टर खूश झाले.

उपाय दोन होते, दोन्ही दुर्बिणीतून करण्यासारखे. पहिल्यात पिंजलेली दोरी वरून कापायची आणि सोडून द्यायची. ती आपोआप खाली सरकते, दुखणं थांबतं, हात थोडेच दिवस गळ्यातल्या झोळीत राहतो आणि माणूस लवकर कामाला लागतो. पण बेटकुळी कोपराकडे घसरून गोळा दिसू शकतो, आणि जड कामात काहींच्या दंडात पेटके येतात. दुसऱ्यात दोरी कापून थोडी खाली हाडालाच पक्की बसवायची. दंडाचा आकार राहतो, पण हात पाच-सहा आठवडे झोळीत आणि पुढे तीन-चार महिने काही उचलायचं नाही, पिळायचं नाही. बसवलेली दोरी कधी कधी सुटतेही. दुखणं दोन्हींत जवळपास सारखंच कमी होतं, असं अभ्यास सांगतात म्हणे. काका तिशीत असते तर डॉक्टरांनी दोरी बसवायचाच आग्रह धरला असता, सत्तरीत असते तर कापून सोडली असती. काका पडले मधले. तेव्हा तुम्हीच ठरवा, असं म्हणून डॉक्टरांनी खांदा कपाटात ठेवला.

परतीच्या वाटेवर मारुंजी आली. तेव्हा काका म्हणाले, हा कसला डॉक्टर, गिऱ्हाइकालाच विचारतो काय करू म्हणून. मी म्हटलं, तुम्हीही विचारताच की, जळलेली मोटर नव्या तारेनं भरायची का नवी घ्यायची. "इचारतो," काका म्हणाले, "पर आदी दोन पंप उघडून फुड्यात मांडतो. ह्यानं मला एक तरी हात दावला का?"

झालं, तिथून काकांच्या डोक्यात बसलं. दोन्ही तऱ्हेचे हात डोळ्यांनी बघायचे, मगच ठरवायचं. खरं सांगते, मलाही ते फार शहाणपणाचं वाटलं. पुस्तकात मी सगळं वाचलं होतं, पण कापून सोडलेली दोरी जिवंत माणसाच्या दंडात कशी दिसते ते कधी पाहिलं नव्हतं.

हात सापडायला आठ दिवस लागले. दोरी बसवून घेतलेले भुकूमचे विठ्ठलराव हे काकांचं जुनं गिऱ्हाईक होतं. अठ्ठेचाळीस वर्षांचे, रस्त्याकडेची जमीन विकून बंगला बांधलेला, व्यायामशाळेत पैजेनं वजन उचलताना उजवा खांदा घालवून बसलेले. दोरी कापून सोडलेला गोमा पौडच्या पलीकडे डोंगरातल्या एका वाडीवर राहायचा. बारा वर्षांपूर्वी त्या वाडीला झऱ्याचं पाणी नळानं आणून देताना काकांनी तिथे आठ दिवस मुक्काम केला होता, तेव्हापासूनची ओळख. गोमा साठीच्या पुढचा. रानात गवत, लाकूड तोडायचं आणि मोळी डोक्यावर घेऊन उतरायचं, हे त्याचं काम. त्याचाही उजवाच हात होता.

परीक्षेसाठी काकांनी एक फळी तयार केली. तिच्यावर लोखंडी नळाचा वीतभर तुकडा घट्ट बसवला आणि त्याच्या तोंडाला एक जोड लावला. जोर मोजणाऱ्या पान्यानं मी तो मोजून मापून आवळून घेतला, म्हणजे दोघांनाही सारखाच घट्ट मिळावा. मग ज्याच्या हाताला तो उघडेल त्याचं ऑपरेशन चांगलं. इतकी साधी परीक्षा, आणि आम्ही दोघं त्यावर बेहद्द खूश होतो.

विठ्ठलरावांनी बाही वर करून दोन्ही दंड दाखवले. काडीचा फरक नव्हता, काखेजवळ बोटाच्या पेराएवढा व्रण तेवढा होता. मग त्यांनी फळी मांडीखाली दाबली आणि जोडाला हात घातला. चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली, जोड हलला नाही. हाताला घाम आलाय म्हणाले. टॉवेल आणला, तरी हलला नाही. दारातून त्यांच्या बायकोनं खाली मान घालून हसू दाबलं आणि चहा ठेवायला आत गेली.

त्याच दुपारी आम्ही गोमाच्या वाडीवर पोचलो. गाडी रस्ता संपेपर्यंत, पुढे अर्धा तास चढ. गोमानं अंगरखा काढला आणि मी बघतच राहिले. बेटकुळी दंडाच्या मधोमध असते ती याची कोपराकडे उतरली होती, मोसंबीएवढा गोळा. तो स्वतःच बोटानं दाबून हसत होता. त्यानं फळी पायाखाली धरली, जोडाला हात घातला आणि एका हिसड्यात उघडून काकांच्या हातात दिला.

परत येताना काका शीळ घालत होते. ठरलं, कापून सोडायची. पंधरा-वीस दिवसांत दुकान उघडायचं, गोळा दिसला तर दिसला, या वयात दंड कुणाला दाखवायचेत. मीही मान डोलावली. पुढच्या बुधवारची तारीख घेतली.

मंगळवारी तपासण्या होत्या. व्यायाम शिकवणारी मुलगी दिशा, जवळच्याच चांदे गावची. काकांनी दुरुस्त केलेला पंप तिच्या घरच्या विहिरीवर होता, त्यामुळे गप्पा रंगल्या आणि काकांनी परीक्षेची सगळी हकिगत तिला मोठ्या अभिमानानं सांगितली. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिनं विचारलं, "काका, जोड कुठल्या बाजूला फिरवायला सांगितला होता?"

"उघडायचा म्हंजी डावीकडं. दुसरं काय?"

दिशानं त्यांचं उजवं कोपर वाकवून मांडीजवळ टेकवलं आणि त्यांचा डावा हात त्यांच्याच उजव्या दंडावर ठेवला. पाण्याची बाटली हातात दिली. "आता झाकण आवळा," ती म्हणाली. काकांनी आवळलं. खांद्यात सुई टोचली तशी त्यांनी भुवई उडवली, पण डाव्या तळव्याखाली बेटकुळी टणक होऊन वर आली होती. "आता उघडा." काकांनी झाकण उलटं फिरवलं. बेटकुळी मऊ पडली.

काकांनी परत आवळलं. परत उघडलं. पाच-सहा वेळा तसं केलं. मीही टेबलाखाली माझा दंड धरून हवेतलं झाकण फिरवत होते. खरंच होतं ते. उजव्या हातानं आवळताना हा स्नायू राबतो, उघडताना तो जवळजवळ बसूनच असतो. डाव्या हाताचं उलटं. आमच्या परीक्षेत त्या दोरीला कामच नव्हतं. गोमाचा जोड उघडला तो चाळीस वर्षं कोयता धरलेल्या पंजानं, ऑपरेशनचा त्यात काही हात नव्हता.

काकांचा चेहरा पडला. कुठल्या बाजूला काय आवळतं हे त्यांना झोपेतही कळायचं. पण दुरुस्ती करणाऱ्यापुढे जे येतं ते गंजलेलं, अडकलेलं येतं. आधी ते उघडायचं, आणि उघडलं की मिस्त्री जिंकला. गावातही सगळे ताकद उघडण्यावरच मोजतात. त्यामुळे परीक्षा घ्यायची म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात उघडणंच आलं. आणि मला तर त्यांनी माझ्याच काउंटरवर सांगितलं होतं, आवळताना दुखतं, उघडताना नाही. मला इतकी लाज वाटली की मी दिशाकडे न बघता फायली आवरायला लागले.

"मंग आजून येकदा जावं लागंल," काका म्हणाले. डॉक्टर आधी वैतागले आणि मग हसायला लागले. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, एक अठ्ठेचाळीसचा आणि एक साठीच्या पुढचा, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. काकांनी तीनही वेळा मान हलवली. ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं.

या खेपेला फळीवर दहा जोड होते आणि ते हातानं आवळायचे होते. किती घट्ट बसले ते काका स्वतः उघडून बघणार होते. उघडायला त्यांचा हात अजून शाबूत होता, ही त्यातली गंमत त्यांनाच आधी सुचली. विठ्ठलरावांनी मागची लाज भरून काढायची म्हणून दहाच्या दहा दात आवळून आवळले. काकांनी एकेक उघडला. पहिला आणि दहावा सारखाच होता.

गोमाचा पहिला जोड विठ्ठलरावांच्या तोडीस तोड निघाला. दुसरा, तिसराही. माझी तर पंचाईत झाली, आता काय ठरवायचं. सातव्याला गोमानं मध्येच हात सोडला आणि दंड धरून खाली बसला. तो मोसंबीएवढा गोळा दगडासारखा झाला होता. त्याची बायको कृष्णाबाई आली आणि तळव्यानं दंड चोळायला लागली. तिला सवय असावी. काका ओशाळले. फळी बाजूला ठेवून त्यांनी गोमाची माफी मागितली.

"त्यात काय," गोमा म्हणाला. "मला बी डाक्तरनं इचारलं हुतं. म्या म्हनलं, काप आन सोड. दीड म्हैना हात गळ्यात बांदून बसलो तर चूल कोन पेटवील? माजं वजं डोक्यावर. मला कुटं काय आवळायचंय? मला हे पुरतंय."

तो हे रडक्या सुरात बोलत नव्हता. त्याच्या कामाला त्याचा हात खरंच पुरत होता, रात्रीची झोप लागत होती, आणि काकांनी त्याच्याकडे उगाच कीव आल्यासारखं बघू नये असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. काकांनी मान खाली घातली.

पाणी प्यायचं निमित्त करून ते उठले आणि वाडीच्या टाकीकडे गेले. मीही मागोमाग गेले. झऱ्याकडून येणारा नळ जिथे टाकीला मिळतो तिथला जोड त्यांनी बारा वर्षांपूर्वी आवळला होता. काकांनी जोडाखालून बोट फिरवलं. बोट कोरडं आलं. हंडा घेऊन आलेली कृष्णाबाई ते बघत होती. "त्याच्याखाली आमाला कंदी भांडं ठिवाया लागलं न्हाय," ती सहज म्हणाली.

मला माझी निळी बादली आठवली. मी डोंगराकडे तोंड फिरवलं.

 उतरताना एका वळणावर थांबून काका म्हणाले, "डाक्तरला सांग, बशीव म्हनावं. मला आवळायचंय."

ऑपरेशन माघात झालं. पुढचे सहा आठवडे रत्नाकाकूंनी त्यांना बटणं लावून दिली आणि झोळीतून हात बाहेर आला की डोळे वटारले. उन्हाळ्यात पंप भराभर जळतात, ती सगळी कामं मारुंजीच्या मिस्त्रीकडे गेली. काका तरीही रोज शटर उघडून स्टुलावर बसायचे, मोटरच्या आवाजावरून काय बिघडलंय ते सांगायचे आणि गिऱ्हाईक मारुंजीला पाठवायचे. त्यांची चिडचिड मला भिंतीपलीकडून ऐकू यायची. एकदा तर म्हणाले, गोमाचंच बरं होतं. मे महिन्यात दिशानं रिकाम्या बरणीचं झाकण फिरवायची परवानगी दिली. ते झाकण ते माझ्या काउंटरवर बसून तासभर फिरवायचे आणि माझी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे बघत राहायची.

श्रावणात एका दुपारी ते पिशवी घेऊन आले. काउंटरपाशी थांबले नाहीत. सरळ आतून मागच्या दारापर्यंत गेले आणि दार उघडलं. मी हातातली चिठ्ठी टाकून मागे धावले. ते बेसिनखाली वाकून निळी बादली बाहेर ओढत होते. अर्धी भरलेली होती. त्यांनी ती मोरीत ओतली, जोड उघडला, आटे ब्रशनं घासले, त्यावर पांढरी टेप गुंडाळली आणि जोड हातानं आवळायला लागले. कोपर वाकलेलं, पंजा सावकाश उजवीकडे वळणारा. सदऱ्याच्या बाहीतून बेटकुळी वर येताना दिसत होती, तिच्या जागी. शेवटी पान्यानं पाव फेरा. मग बादली होती त्या जागेवर त्यांनी वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरला.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"तू बादली ठिवली त्याच दिशी. थेंबाचा आवाज भिंतीतनं ऐकू येतोय मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली न्हाईस," काका म्हणाले. "मला बरं वाटलं त्याचं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. काकांनी बादली विसळली, माझ्या हातात दिली आणि आपल्या दुकानात गेले. तिथे मारुंजीच्या मिस्त्रीकडून परत आलेला एक पंप त्यांची वाट बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढल्यावर मी दिवा न लावताच मागे गेले आणि बेसिनखाली हात घातला. कागद कोरडा होता.